एरियलपासून यंत्रापर्यंत

रेडिओ घरीं आणावयाचा ठरला म्हणजे पेटीविषयीं घरांत पुष्कळ चर्चा होते. तिचा आवाज कसा, किंमत किती, ती माजघरांत ठेवावयाची कीं ओटीवर, यांवर प्रत्येकाचें मत असतें. एरियलविषयीं त्या मानानें थोडें बोलणें होतें. आणि एरियल व पेटी यांना जोडणारी जी केबल, तिच्याविषयीं मात्र कोणी चकार शब्द काढीत नाहीं. दुकानदार जी गुंडाळी पुढें करील तिच्यांतून हवी तेवढी मोजून घ्यावयाची, एवढाच तिचा मान. शहरांत या उपेक्षेनें फारसें बिघडत नाहीं. प्रक्षेपणकेंद्र जवळच असतें. लहर इतकी बलवान असते कीं, केबलनें तिच्यांतली निम्मी गिळली तरी तें ऐकणाऱ्याच्या ध्यानांतहि येत नाहीं. डोंगराआडच्या गांवीं ही उधळपट्टी परवडत नाहीं.

शाहूवाडी तालुक्याचें उदाहरण घ्यावें. कोल्हापूर जिल्ह्याचा हा पश्चिमेकडील तालुका सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेला आहे. मलकापुरावरून रत्नागिरीचा रस्ता आंबा घाटाकडे चढत जातो. विशाळगड याच तालुक्यांत. कोल्हापूर आकाशवाणीचें प्रक्षेपण १०२.७ मेगाहर्ट्झवर होतें. या लहरीची लांबी जेमतेम २.९ मीटर. इतकी लहान लहर प्रकाशाप्रमाणें बहुतेक सरळ रेषेंत चालते. डोंगर आडवा आला कीं त्याच्या माथ्यावरून थोडीशी वांकून पलीकडे झिरपते, पण तोंपर्यंत तिचा जोर ओसरलेला असतो. नकाशावर कोल्हापूर व मलकापूर यांना जोडणारी पट्टी ठेवली तर ती पन्हाळ्याच्या अगदीं जवळून जाते. १६६० च्या जुलैंत शिवाजीमहाराज याच पन्हाळ्याहून भर पावसांत विशाळगडाकडे निघाले, आणि ते सुखरूप पोंचल्याची खूण म्हणून विशाळगडावर तोफा उडाल्या, अशी परंपरा आहे. त्या निरोपाला केबल लागली नाहीं. आतांच्या निरोपाला ती लागते, आणि वाटेंत पन्हाळा आहेच.

हा निरोप केवळ करमणुकीचा असतो असेंहि नाहीं. शाहूवाडींत पडणारें पाणी दोन वाटांनीं खालीं उतरतें: कडवीचें वारणेला मिळतें, कासारीचें पंचगंगेला. २०१९ च्या ऑगस्टांत आणि २०२१ च्या जुलैंत या नद्यांनीं कोल्हापूर-सांगलीकडे काय केलें तें अनेक कुटुंबांनीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. २०२१ सालीं आंबा घाटांतला रस्ताहि खचला. अशा दिवसांत वीज जाते, आणि विजेच्या पाठोपाठ मोबाईलचे मनोरे, त्यांच्या बॅटऱ्या संपल्या कीं, मुके होतात. धरणांतून पाणी सोडलें किंवा नाहीं, रस्ता कोणत्या बाजूनें चालू आहे, हें कळावयास सेलांवर चालणारा रेडिओ हेंच एक साधन पुष्कळदां उरतें. तो बोलेल कीं नुसता खरखरेल, हें छपरावरून खालीं आलेल्या वीस-तीस मीटर केबलवर ठरूं शकतें. शहरांतील कित्येक कुटुंबांचें मूळ घर अशाच एखाद्या डोंगरकुशींत असतें. वडीलमाणसें तेथें असतात, आणि केबल विकत घेऊन जाण्याचें काम शहरांतल्या मुलाकडे येतें. (रेडिओ घेतांनाच बाहेरची एरियल जोडण्याची सोय त्याला आहे कीं नाहीं तें पाहावें; तें न पाहतां घेतलेल्या यंत्राला पुढील सर्व विवेचन निरुपयोगी आहे.)

जुन्या काळीं हा प्रश्नच नव्हता. १९२७ सालीं मुंबई केंद्र सुरू झालें तेव्हां, आणि त्यापुढेंहि कित्येक वर्षें, घरची एरियल म्हणजे दोन खांबांमध्यें ताणलेली तांब्याची लांब तार. तिच्या एका टोंकापासून दुसरी तार खिडकींतून आंत आणीत. मध्यम लहरींची लांबी शेंकडों मीटर असते. तिच्यापुढें ही सारी तारच तोकडी, आणि खालीं उतरणारा तिचा भागहि लहर गोळा करण्याचेंच काम करी. एरियल कोठें संपली आणि केबल कोठें सुरू झाली, हें सांगतां येत नसे. एफ्. एम्. च्या लहरींना हा सैलपणा चालत नाहीं. त्यांच्यासाठीं एरियल ठराविक मापाची लागते. १०२.७ मेगाहर्ट्झकरितां सुमारें ६९ सेंटिमीटरचे दोन दांडे एका रेषेंत बसविले म्हणजे साधी द्विदंड एरियल होते. तिनें गोळा केलेलें धन वाटेंत न सांडतां, आणि वाटेंतला कचरा त्यांत न मिसळतां, खालीं आणून देणारी एक बंद नळी मात्र हवी.

ही नळी म्हणजेच समाक्ष अथवा कोअॅक्शियल केबल. मध्यें एक तार, तिच्याभोंवतीं पॉलिथीनचा जाड थर, त्यावर तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची विणलेली जाळी, आणि सर्वांवर आवरण. आंतली तार व बाहेरची जाळी यांचा मध्य एकच, म्हणून समाक्ष. लहर या दोहोंच्या मधल्या थरांतून प्रवास करते. ती बाहेर सांडत नाहीं, आणि विहिरीवरच्या मोटारीची किंवा दारांतल्या दुचाकीची ठिणगी आंत शिरत नाहीं. ही कल्पना जुनी आहे. ऑलिव्हर हेविसाइड यानें १८८० सालींच इंग्लंडांत तिचें पेटंट घेतलें होतें. १९२९ सालीं अमेरिकेंत एस्पेन्शीड व आफेल या दोघांनीं आधुनिक स्वरूपांत ती पुन्हां मांडली, आणि १९३६ च्या ऑलिंपिक सामन्यांचीं चित्रें बर्लिनहून लाइपझिगला अशाच केबलमधून गेलीं. परंतु घरोघरच्या वापराजोगी केबल झाली ती पॉलिथीनमुळें. रबर आणि गटापर्चा हे जुने पदार्थ उच्च कंपनसंख्येची लहर स्वतःच शोषून घेत. १९३३ सालीं इंग्लंडांतील एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेंत भलत्याच प्रयोगांतून पॉलिथीन हातीं लागलें, आणि दुसऱ्या महायुद्धांत रडारच्या केबलींकरितां त्याचा प्रथम मोठा उपयोग झाला. आज त्याच्या पिशव्या गटारांत अडकतात म्हणून त्याला शिव्या मिळतात, हा निराळा भाग. केबलीवर छापलेलीं आर्.जी.-५८, आर्.जी.-६, आर्.जी.-२१३ हीं नांवें अमेरिकन लष्करी यादींतून आलेलीं आहेत. त्यांतील आंकड्यांत लहानमोठेपणाचा कांहींच अर्थ नाहीं: पांच मिलिमीटर जाडीची ५८, आणि सात मिलिमीटरची ६.

आतां मुख्य प्रश्न घटीचा. केबलमधून जातांना लहरीची शक्ति कमी होते, आणि ती घट डेसिबलांत मोजतात. तीन डेसिबल घट म्हणजे निम्मी शक्ति गेली. दहा डेसिबल म्हणजे दहांतले नऊ भाग गेले. लांबी दुप्पट झाली कीं डेसिबलहि दुप्पट होतात. कंपनसंख्या चौपट झाली तर ते सुमारें दुप्पट होतात, कारण कंपनसंख्या वाढेल तसतसा विद्युत्प्रवाह तारेच्या गाभ्यांतून न जातां पृष्ठभागाच्या अधिकाधिक पातळ सालींतून जातो. एक मेगाहर्ट्झला तांब्यांत ही साल ०.०६६ मिलिमीटर जाडीची असते. शंभर मेगाहर्ट्झला तिच्या एक-दशांश.

मलकापूर-आंबा रस्त्याच्या आसपास डोंगराच्या कुशींत एखादें घर आहे, मागल्या टेंकाडावर एरियल उभारली आहे, आणि तेथून माजघरापर्यंत तीस मीटर केबल लागते, असें समजावें. शंभर मेगाहर्ट्झच्या सुमारास आर्.जी.-५८ ही बारीक केबल तेवढ्या लांबींत पांच डेसिबलच्या जवळपास खाते. एरियलनें गोळा केलेल्या शक्तीचा एक तृतीयांशच खालीं उतरतो. आर्.जी.-५९ घेतली तर निम्म्याहून किंचित् कमी. आर्.जी.-६ घेतली तर घट दोन डेसिबलच्या आसपास, म्हणजे आठांतले पांच भाग हातीं लागतात. त्याहून जाड आर्.जी.-११ घेतली तर जवळजवळ तीन-चतुर्थांश. या आंकड्यांशेजारीं दुसरा एक आंकडा ठेवून पाहावा. सपाट प्रदेशांत एरियलची उंची दुप्पट केली तर फार तर सहा डेसिबलचा लाभ होतो. डोंगरांत तेवढ्याचीहि शाश्वति नाहीं. म्हणजे गृहस्थानें लोखंडी नळ आणून, चार गडी लावून, एरियल दुप्पट उंच नेली आणि पैसे वांचविण्यासाठीं बारीक केबल खालीं सोडली, तर उंचीनें दिलेलें बहुतेक सारें केबल परत घेते. नळाचा खर्च डोळ्यांना दिसतो, केबलची घट दिसत नाहीं, म्हणून हा व्यवहार वर्षानुवर्षें चालू राहतो.

यांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. हौशी प्रक्षेपकांची आवडती आर्.जी.-२१३ ही बोटाएवढी जाड, अस्सल तांब्याची आणि महाग केबल. शंभर मेगाहर्ट्झला तिची घटहि दोन डेसिबलच्या आसपासच भरते, म्हणजे आर्.जी.-६ इतकीच. याचें कारण आर्.जी.-६ च्या मधल्या थरांत आहे. तो भरीव पॉलिथीनचा नसून फेसाळ असतो. त्यांत हवेचे सूक्ष्म बुडबुडे असतात. मधला पदार्थ जितका हवेच्या जवळ जाईल तितकी आंतली तार जाड ठेवतां येते, आणि घट उतरते. ही केबल दूरचित्रवाणीच्या तबकड्यांबरोबर खेडोपाडीं गेलेली असल्यामुळें तालुक्याच्या बाजारांत सहज मिळते. एफ्. एम्. ऐकणाऱ्या घरानें, शंभर फुटांच्या आंत काम असेल तर, बिनदिक्कत तीच घ्यावी.

येथें एक आक्षेप हटकून निघतो: आर्.जी.-६ पंचाहत्तर ओहमची आहे, रेडिओच्या कामाला पन्नास ओहमची केबल पाहिजे. या ओहमांविषयीं गैरसमज फार. केबलवर छापलेला हा आंकडा तारेचा साधा रोध नव्हे. मीटर लावून तो सांपडत नाहीं, आणि केबल लांब केल्यानें वाढत नाहीं. आंतल्या तारेची जाडी, जाळीचा व्यास आणि मधला पदार्थ यांच्या प्रमाणावरून तो ठरतो. त्याला इंपीडन्स म्हणतात. मध्यें नुसती हवा असेल तर सुमारें ७७ ओहमला घट सर्वांत कमी असते आणि ३० ओहमच्या आसपास सर्वांत अधिक शक्ति वाहून नेतां येते. पन्नास ही त्या दोहोंमधील तडजोड. प्रक्षेपणयंत्रें पन्नास ओहमसाठीं बांधलेलीं असतात, म्हणून प्रक्षेपकाला पन्नासची केबल सोयीची. ऐकणाऱ्याची गोष्ट निराळी. मोकळ्या हवेंत द्विदंड एरियलचा स्वतःचाच इंपीडन्स ७३ ओहमच्या जवळपास असतो, तेव्हां पंचाहत्तरची केबल तिला उलट अधिक जुळते. आणि पन्नास व पंचाहत्तर यांचा सांधा कोठें आलाच, तरी त्या सांध्यावरून शंभरांतले चार भाग परत फिरतात. घट एक-पंचमांश डेसिबलहि होत नाहीं. एवढ्यासाठीं पुण्या-मुंबईहून महागडी केबल मागविणारा मनुष्य काळजी घेत नसून काळजी करीत असतो. मात्र दूरदर्शनच्या जुन्या दिवसांतली चपटी, तीनशें ओहमची दुहेरी पट्टी माळ्यावर सांपडली म्हणून ती जोडूं नये. ती भिजली कीं तिची घट वाढते, आणि शाहूवाडींत ती जून ते सप्टेंबर भिजलेलीच राहणार.

मध्यम व लघु लहरी ऐकणाऱ्यांना वरील हिशेब उलटा लागू पडतो. सात मेगाहर्ट्झला तीस मीटर आर्.जी.-५८ सव्वा डेसिबलच खाते. शिवाय या लहरींवर आकाशांतून, विजांच्या कडकडाटांतून आणि शेजारच्या दिव्यांतून येणारी खरखर इतकी असते कीं, केबलनें आवाज थोडा कमी केला तर खरखरहि तितकीच कमी होते. ऐकूं येण्यांत फरक पडत नाहीं. तेव्हां येथें बारीक केबल चालते. उलट तबकडीची आर्.जी.-६ जरा जपून वापरावी. तिची आंतली तार पुष्कळदां तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते. शंभर मेगाहर्ट्झला प्रवाह मुलाम्यांतच राहतो, म्हणून पोलादाचें कांहीं कळत नाहीं. एक मेगाहर्ट्झला तो मुलाम्याखालीं पोलादांत उतरूं लागतो, आणि घट कोष्टकावरून काढलेल्या अंदाजाहून वाढते. चुंबकाचा तुकडा खिशांत ठेवून दुकानांत गेल्यास हा प्रश्न तेथेंच सुटतो.

सरकारी परवाना घेऊन १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर बोलणारे हौशी प्रक्षेपक पुराच्या काळीं उपयोगी पडूं शकतात, आणि त्यांच्यापुढें मात्र केबलचा प्रश्न खराखुरा खर्चाचा आहे. तीस मीटर आर्.जी.-५८ तेथें सहा डेसिबल खाते. यंत्रांतून वीस वॅट निघाले तर एरियलपर्यंत पांच पोंचतात, पंधरा केबल तापविण्यांत जातात. आणि ऐकतांना हीच घट पुन्हां सोसावी लागते. आर्.जी.-२१३ घेतली तर निम्म्याहून थोडे अधिक वर पोंचतात. यंत्र मोठें घेण्यापेक्षां केबल जाड घेणें येथें केव्हांहि शहाणपणाचें, कारण मोठें यंत्र बॅटरी लौकर संपवितें, आणि पुराच्या दिवसांत बॅटरी म्हणजेच आयुष्य.

घट भरून काढण्यासाठीं बूस्टर नांवाची लहानशी पेटी विकत मिळते. ती बहुतेक घरांत रेडिओशेजारीं ठेवलेली आढळते. तेथें ती जवळजवळ निरुपयोगी आहे. केबलमध्यें लहर क्षीण होऊन यंत्रांतल्या खरखरीच्या पातळीला आली, कीं मग दोहोंनाहि मोठें करून मिळवावयाचें काय? ती पेटी केबलच्या वरच्या टोंकाशीं, एरियलजवळ बसविली पाहिजे.

एवढें सगळें पाहून चांगली केबल घेतली, तरी शाहूवाडींत तिचा खरा शत्रु निराळाच आहे. तो म्हणजे पाणी. घाटमाथ्यावरचा पाऊस वरून खालीं पडतो असें समजणें ही शहरी समजूत आहे; तो आडवा येतो, वाऱ्याबरोबर खालून वर चढतो, आणि चार-चार दिवस थांबत नाहीं. केबलचें वरचें टोंक उघडें राहिलें असेल तर विणलेली जाळी दिव्याच्या वातीप्रमाणें पाणी ओढून घेते. पाणी मीटर-मीटर आंत जातें. तांब्याची जाळी आधीं तपकिरी, मग काळी पडते. अॅल्युमिनियमची असेल तर तिचें पांढरें पीठ होतें. फेसाळ थरांत ओल शिरली तर मूळच्या लाभावरच पाणी पडतें. बाहेरून केबल पहिल्या दिवसासारखीच दिसते. घरची मंडळी म्हणतात, रेडिओ जुना झाला, आणि नवा आणतात.

उपाय स्वस्त आहेत. आवरण काळें असावें. पांढरें आवरण उन्हानें लौकर तडकतें. वरचा सांधा शक्य तर तोंड खालीं करून बसवावा. त्यावर आधीं स्वतःशींच चिकटून एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी, खालून वर, म्हणजे प्रत्येक वेढा कौलाप्रमाणें खालच्यावर येईल. आणि तिच्यावर ऊन लागूं नये म्हणून नेहमींची काळी चिकटपट्टी. नुसती काळी पट्टी एका पावसाळ्यांत सुटते. अॅल्युमिनियमच्या जाळीला डाख बसत नाहीं, म्हणून आर्.जी.-६ ला दाबून बसविण्याचा कनेक्टरच लावावा; तारा पिळून वर पट्टी गुंडाळणें हा सांधा नव्हे. केबल घरांत शिरण्यापूर्वीं खिडकीखालीं तिला झोळीसारखी एक खोल वांक द्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारें पाणी तेथेंच गळून पडेल, भिंतींत जाणार नाहीं. वळण देतांना जाडीच्या दहापटीहून लहान त्रिज्या नसावी, आणि खिळे ठोकून ती चेपूं नये. चेपलेल्या जागीं तिचा इंपीडन्सच बदलतो. एरियलजवळ केबलचींच चार-पांच लहान वेटोळीं करून बांधावीं. त्यामुळें जाळीच्या बाहेरील अंगावरून उतरणारी खरखर अडते. डोंगराकडच्या घरांना वानरांचाहि विचार करावा लागतो. मोकळी लोंबणारी केबल त्यांना झोक्यासारखी वाटते, म्हणून ती दर हातावर नळाला बांधलेली बरी.

विजेविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. या भागांत एप्रिल-मे महिन्यांतला वळीव कडकडाट घेऊन येतो. एरियलचा नळ जाड तारेनें जमिनींत पुरलेल्या सळईला जोडावा, आणि केबलची जाळीहि घराबाहेरच त्याच सळईला बांधावी. एवढें केलें तरी ढग दाटले कीं केबल यंत्रापासून सोडवून खिडकीबाहेर टाकावी. विजेच्या सरकारी तारांच्या जवळपास, नळ कलंडला तर पोंचेल इतक्या अंतरांत, एरियल उभारूंच नये.

पावसाळा सरला म्हणजे दसऱ्याच्या आगेमागें एकदां केबल तपासावी. दोन्ही टोंकें सोडवून आंतली तार व जाळी यांवर मीटर लावावा. कांटा हलला किंवा आंकडा दिसला तर पाणी शिरलें आहे. एरियल जोडलेली ठेवून ही परीक्षा करूं नये, कारण दुमडलेल्या दांड्याच्या एरियलमधून मीटरला नेहमींच वाट मिळते आणि चांगली केबलहि वाईट ठरते. मीटर नसेल तर वरच्या टोंकाचा फूटभर तुकडा कापून आंतली जाळी पाहावी. ती चकाकत असेल तर नवा कनेक्टर बसवून पट्टी गुंडाळावी. काळी असेल तर आणखी फूटभर कापावें. तीन-चार फूट कापूनहि काळेंच निघालें, तर ती केबल गुरांच्या गोठ्यांत दोरी म्हणून वापरावी आणि दुसरी आणावी.